ख्रिस्ती आतिथ्य आणि मराठी पंगत

ख्रिस्ती धर्मात आतिथ्याला उपासनेइतकेच महत्त्व आहे. त्याची मुळे यहुदी परंपरेत आहेत. मम्रे येथे अब्राहामाने तीन अनोळखी वाटसरूंना पाय धुवायला पाणी दिले आणि भाकरी व वासराचे मांस वाढले. त्या वाटसरूंच्या रूपाने देवच दारी आला होता, असे उत्पत्तीच्या १८व्या अध्यायातील कथा सांगते. मिसरात उपरे म्हणून राहिलेल्या इस्राएलांनी परक्याला आपला मानावे, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. येशूने हा विचार आणखी पुढे नेला. भुकेल्याला घातलेले अन्न आपल्यालाच पोहोचते, असे त्याने शिकवले. समाजाने पापी ठरवलेल्यांच्या पंगतीला तो बसला, म्हणून त्याला बोलही लागले.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने गरीब, आजारी आणि प्रवासी यांच्यासाठी शहराबाहेर आश्रयस्थान उभारले. सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या नियमावलीने मठात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्त समजून करण्यास सांगितले. घरातले आतिथ्य आता संस्थांचेही कर्तव्य झाले.

रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात रुजताना ख्रिस्ती आतिथ्याची गाठ जातिव्यवस्थेशी पडली. अतिथीला देव मानणाऱ्या समाजातही कोणाच्या हातचे पाणी चालते आणि पंगतीला कोण बसते, हे जन्मावरून ठरत होते. दान अंतर राखूनही देता येते. एका पंगतीत बसले की ते अंतर उरत नाही.

अंतर राखण्याकडून एका पंगतीकडे होणारा हा बदल टिळक दांपत्याच्या जीवनात स्पष्ट दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातीलच करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर त्यांच्याकडे राहायला आल्यावरही सोवळेओवळे पाळत आणि स्वयंपाक वेगळा करत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे मनाला पटल्यावर त्यांनी ते बंधन सोडले. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. हा सारा प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिला आहे. पुढे त्यांच्या घराने निराधार मुलांना आसरा दिला. कवी बालकवी ठोंबरे यांनाही त्या घरात मुलाची माया मिळाली आणि त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही.

त्याच काळात पंडिता रमाबाईंनी औदार्याला स्वावलंबनाची जोड दिली. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया केडगावला आणल्या. तेथील मुक्ती सदनात त्यांना अन्न आणि निवारा मिळालाच, शिवाय शिक्षण, शेती, विणकाम आणि छपाईही शिकता आली. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तिथे प्रवेश होता.

यजमानाने जातीचा अभिमान सोडून पाहुण्याच्या शेजारी जेवायला बसावे आणि आश्रिताला स्वतःच्या पायावर उभे करावे, हा या मराठी ख्रिस्ती परंपरेचा आग्रह आहे. नुसत्या अन्नदानावर थांबणारे औदार्य या कसोटीला पुरेसे उतरत नाही.