माझा एक गोटा

असाइनमेंटचा विषय मीच मागून घेतला: पांढुर्ण्याची गोटमार आणि कायद्यातली संमती. वर्गात पांढुर्ण्याजवळच्या सौसरचा मी एकटा. घरचाच विषय, सोपा जाईल हा एक हिशेब. मॅडमवर छाप पडेल हा दुसरा.

आराखडा एका रात्रीत उरकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, दोन्हीकडून एकमेकांवर गोटेच गोटे. जमावबंदीचे आदेश निघतात, आधी कलम 144 खाली, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली. तरी गोटमार होते, पोलीस आणि अँब्युलन्स काठावर उभ्या. प्रशासनाने मधे गोट्यांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले, ते काही चालले नाहीत. जल्लिकट्टूवरचा 2023 चा घटनापीठाचा निकालही जोडला. बैलांसाठी एवढा खल होतो, मग माणसांसाठी का नाही, असं एक चटकदार वाक्य सुचलं होतं. खरं सांगायचं तर 'बंदी हवी' हा निष्कर्ष मी आधीच टाइप करून ठेवला होता. संशोधन त्याच्या वरची जागा भरायला.

मुलाखतींच्या यादीत तहसीलदार, डॉक्टर, पुजारी, दुकानदार. सावरगावच्या मामांना ती दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली.

"तुयं नाव नाई दिसत यात?"

मी हसलो. मामा हसले नाहीत.

सतराव्या वर्षी मी त्यांच्याच गल्लीतल्या पोरांबरोबर काठावर होतो. दोन पोती गोटे आम्हीच वाहिले. एक गोटा मुठीत नीट बसला, गुळगुळीत, उन्हानं तापलेला. तो फेकला आणि समोरचा एक पोरगा कपाळ धरून खाली बसला. आमच्या बाजूनं आरोळी उठली, त्यात माझाही आवाज होता. त्याला उचलून नेलं. जखमेला चंडीमातेची भभूत लावली की झालं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं आणि संध्याकाळी पुरणपोळी खाल्ली.

भारतीय न्याय संहितेचं कलम 25, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं 87, संमतीनं झालेली इजा माफ करतं; पण गंभीर इजेचा हेतू नसावा, तिची शक्यता ठाऊक नसावी, आणि संमती देणारा अठरा वर्षांवरचा असावा. हे वाक्य मी आराखड्यात ठळक अक्षरांत टाकलं होतं. टाकताना तो पोरगा एकदाही आठवला नाही. माझ्याहून लहानच दिसत होता. बंदी मागणाऱ्या माझ्या पानांत गोटे मारणारे सगळे 'ते लोक' होते.

निष्कर्ष खोडलाय. बंदी हवी की नको, आज मला सांगता येत नाही. यादीत पहिलं नाव माझं घातलंय, पुढे वय: सतरा. असाइनमेंट शुक्रवारी द्यायची आहे. मॅडमना ही यादी अजून दाखवलेली नाही.