हातपाय गरम होईपर्यंत

लाल विंचू चावलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा घामाने निथळत असतो. उलट्या सुरू असतात, हातपाय गार पडलेले असतात. ते गार हात चाचपून कुणालाही वाटेल, रक्तदाब कोसळलाय, सलाइन लावा. प्रत्यक्षात सुरुवातीच्या त्या तासांत अनेकांचा रक्तदाब वाढलेला असतो. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. आधीच थकलेल्या हृदयावर भराभर सलाइनचा भार टाकला, तर फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. डॉक्टरने जे दिसलं त्यावर उपाय केलेला असतो, आणि तरी रुग्ण हातचा जातो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा त्या भागात विंचू चावला की आधी मांत्रिक आणि मग डॉक्टर, असा क्रम होता. डॉक्टरकडे तरी काय होतं? स्टेरॉइड, ॲट्रोपिन, गुंगीच्या औषधांचं मिश्रण. बावस्करांनी आधी पाहायचं ठरवलं. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब यांच्या नोंदी ठेवल्या. कोणत्या खुणा दिसल्या की पुढे हृदयाला धोका आहे, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तवाहिन्यांचं हे आवळणंच सोडवणारं औषध बाजारात होतं. प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. त्याचे परिणाम १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात छापून आले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात तीसच्या आसपास दगावत. हे प्रमाण प्राझोसिननंतर एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

ही गोळी देण्याची रीत मला फार मोलाची वाटते. गोळी द्यायची, रुग्णाला आडवंच ठेवायचं, मूल असेल तर कडेवर उचलून घ्यायचं नाही, कारण उठवल्यावर रक्तदाब एकदम घसरू शकतो. मग काही तासांनी पुन्हा गोळी. कुठवर? हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत. ज्या खेड्यात प्रयोगशाळा नाही, तिथे संशोधनाचं मोजमाप डॉक्टरच्या तळहातावर आणून ठेवलेलं आहे.

उपचार नुसत्या तर्कावर किंवा अनुभवावर न ठरवता मोजलेल्या पुराव्यावर ठरवायचे, या रीतीला ‘पुराव्याधिष्ठित वैद्यक’ म्हणतात. हे नाव कॅनडातल्या गॉर्डन गयाट यांनी १९९१ मध्ये छापील लेखात वापरलं. म्हणजे बिरवाडी-महाडचं काम त्याच्या आधीचं. पण नंतर रुळलेल्या कसोट्या लावल्या, तर त्या कामात एक उणीव दिसते. समोर तुलनेचा गट नव्हता, तुलना होती ती मागच्या मृत्यूंशी. मला ती उणीव इथे घातक वाटत नाही. शंभरातले तीस मृत्यू एकावर येतात तेव्हा तो फरक गावालाही दिसतो.

अडचण येते ती फरक लहान असतो तेव्हा. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला स्टेरॉइड द्यायची पद्धत जगभर कित्येक वर्षं चालू होती. मेंदूची सूज उतरेल, हे तर्काला पटत होतं. शेवटी १०,००८ रुग्णांवर ‘क्रॅश’ चाचणी झाली. निकाल २००४ मध्ये आला: स्टेरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन जादा मृत्यू. कितीही अनुभवी आणि मन लावून काम करणारा डॉक्टर असो, खाटेपाशी उभं राहून त्याला हे कळलंच नसतं. दगावलेला रुग्ण डोक्याच्या इजेनेच गेला असं वाटणार, वाचलेला स्टेरॉइडमुळे वाचला असं वाटणार. ‘दिलं आणि बरा झाला’ हा आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा आहे आणि तातडीच्या उपचारांत तोच सर्वांत जास्त फसवतो.

‘क्रॅश’नंतरच्या ‘क्रॅश-२’ या वेगळ्या चाचणीत, २०१० मध्ये, अपघातात रक्तस्राव झालेल्यांना ट्रॅनेक्सामिक ॲसिड दिल्याने मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. पाळीतल्या अतिरक्तस्रावावर पूर्वीपासून वापरलं जाणारं हे स्वस्त औषध. त्यासाठी वीस हजारांहून अधिक रुग्ण पाहावे लागले. शिवाय पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात दिसलं, की इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर ते तारतं, उशीर झाला तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो. औषध तेच, फरक फक्त वेळेचा. हे वाचून जो आपत्कालीन कक्ष औषध मागवतो पण अपघाताची वेळ विचारत नाही, त्याने संशोधन अर्धंच वाचलं.

बावस्करांचा मोठेपणा मला प्राझोसिनइतकाच त्याच्या नंतरच्या कामात दिसतो. हाफकिन संस्थेचं विंचूदंशावरचं प्रतिविष आल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर रीतसर चाचणी केली: एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. ती २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. प्रतिविषही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरचे सुमारे १८ तासांत. ज्या गोळीने त्यांचं नाव झालं, तिलाच त्यांनी स्पर्धेत उभं केलं आणि ती मागे पडल्याचं स्वतः छापलं. पुरावा मानणं म्हणजे हेच.

असा पुरावा जमवायला परदेशी निधीची वाट पाहावी लागत नाही. ग्रामीण रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या डॉक्टरांना एवढीच विनंती: विंचूदंशाच्या केसपेपरवर दंश झाल्याची, पहिल्या गोळीची आणि हातपाय गरम झाल्याची वेळ लिहा. आणि वर्षअखेरीला ते कागद एकत्र काढून मोजा.