परवाना कोणाला?



वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा काय, ही चर्चा अधूनमधून निघते आणि बहुधा एका गैरसमजावर उभी असते. आपल्या देशात सज्ञान स्त्रीने स्वतः देहविक्रय करणे हा मुळात गुन्हा नाही. 1956 च्या कायद्याने कुंटणखाना चालविणे, त्या कमाईवर जगणे, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे ठरविले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की या स्त्रियांना सन्मानाने वागवा, शिवीगाळ व मारहाण करू नका. ख्रिस्ती माणसाला यात खटकण्यासारखे काही नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. कुंटणखान्यालाही इतर धंद्यांसारखी मान्यता द्यावी काय? जर्मनीने 2002 साली साधारण ती वाट धरली. स्वीडनने 1999 सालीच उलट केले : विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे.

सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतील स्त्रिया म्हणतात, आम्हांला सोडवायला येऊ नका, आमचे हक्क द्या. हे ऐकून घेतले पाहिजे. ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी नागपूरची गंगा-जमुना वस्ती बंद केली, तेव्हा विरोधाला तिथल्या स्त्रियाच उभ्या राहिल्या. वस्तीला कुलूप लावता येते, पोटाला नाही.

पण त्या राजीखुशीने हे करतात, म्हणून धंदा चांगला ठरतो काय? आपल्या मराठवाड्यात मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. त्यांना कोणी बांधून नेत नाही. घरात दाणे असते तर ती गेली असती काय, हे आपण जाणतो. ऊसतोड तरी कष्टाचे काम आहे. इथे माणूसच भाड्याने जातो.

आपल्याच परंपरेतला एक युक्तिवाद पुष्कळदा पुढे केला जातो. संत ऑगस्टीन यांनी बाप्तिस्म्यापूर्वी लिहिले, की वेश्या हटविल्या तर वासनेने समाज विसकटेल. त्याचा दाखला देऊन संत थॉमस अक्वायनस म्हणाले, की मोठे अरिष्ट टाळण्यासाठी राज्यकर्ता काही वाईट गोष्टी सहन करू शकतो. सहन करणे वेगळे, परवाना देणे वेगळे. शिवाय 'भल्या घरच्या' लेकी सुरक्षित राहाव्यात म्हणून कोणाच्या लेकी द्यायच्या? यल्लम्माला सोडलेल्या मुली बहुतांशी दलित घरांतल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली मुंबईत मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांच्या सभेत, हे जिणे सोडा असे स्पष्ट सांगितले, ते उगाच नव्हे.

तेव्हा आमचे मत असे : शिक्षा बाईला नको, परवाना धंद्याला नको. स्वीडनच्या वाटेने धंदा लपून चालतो आणि बाईचा धोका वाढतो, अशी हरकत घेतात. ती पोकळ नाही. पण मालकाला परवाना दिल्याने तो धोका टळेल, हे आम्हांला पटत नाही.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो, की दारिद्र्य, धाकदपटशा, समाजाचा दबाव यांमुळे त्या स्त्रीचा दोष हलका होऊ शकतो. पैसे मोजणाऱ्याचे पाप मात्र तो गंभीर म्हणतो. आपल्या भाषेत तिच्यासाठी शिव्या किती, आणि त्याला शब्द एकच : गिऱ्हाईक. योहानाच्या शुभवर्तमानातही व्यभिचारात धरलेली स्त्री तेवढी येशूपुढे आणली. पुरुषाला कोणी आणले नाही.

अशी एखादी माता लेकराच्या बाप्तिस्म्यासाठी आपल्या मंदिरात आली, तर बापाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून आम्ही बाप्तिस्मा देऊ. बाकावर सरकून तिला जागा देणे तुमच्याकडे आहे.