काशाची वाटी चेहऱ्यावर येते तेव्हा

उन्हाळ्यात डोळ्यांची आग होऊ लागली, झोप लागेनाशी झाली की तळपायाला तूप चोळून काशाच्या वाटीने घासायचे, हा मराठी घरांतला जुना उपाय. घासता घासता तूप करडे होते, मग काळपट, आणि घासणारी बाई समाधानाने म्हणते, ‘बघ, केवढी उष्णता निघाली!’ गेल्या काही वर्षांत ही वाटी पायांवरून चेहऱ्यावर आली आहे. तिला गुळगुळीत लाकडी मूठ लागली, नाव ‘कांसा वँड’ झाले, आणि मखमली अस्तराच्या डब्यात बसून ती चीनमधल्या जेडच्या रोलरशेजारी, ग्वा शाच्या दगडी पट्टीशेजारी, सोन्याचा मुलामा दिलेल्या थरथरणाऱ्या जपानी दांडीशेजारी विकायला ठेवली जाते. किंमत शेकड्यांतून हजारांत जाते. सोबतच्या पत्रकात काय नसते? प्राचीन परंपरा असते, विषद्रव्ये बाहेर काढण्याची हमी असते, वय मागे ढकलण्याची आशा असते आणि शेवटी हा निव्वळ मसाज नसून रोजचा ‘विधी’ आहे, स्वतःची ‘साधना’ आहे, असेही बजावलेले असते. माझा प्रश्न या शेवटच्या दाव्याविषयी आहे. चेहरा चोळणे हे पाप नाही, इतके आपल्या परंपरेत उघड आहे. पण ती साधना आहे का? आणि नसेल, तर तिला साधना म्हणवून घेण्याची गरज कोणाला पडते?

आधी उपकरणाला त्याचे श्रेय देऊन टाकू. चेहऱ्यावरचा लसीकाद्रव कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि मानेतल्या गाठींकडे वाहतो. सकाळी डोळ्यांखाली साठलेली सूज हलक्या दाबाने त्या दिशेला सरकवली की काही तास चेहरा हलका दिसतो. जपानमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात पाच मिनिटे गालावर रोलर फिरवल्यावर तिथला रक्तप्रवाह वाढला आणि पुढची निदान दहा मिनिटे तो वाढलेला राहिला. जबड्याचे आवळलेले स्नायू सैल होतात, थंड धातू बरा वाटतो. हे सगळे खरे. सुरकुत्यांचे मात्र वेगळे आहे. त्या त्वचेच्या आतल्या थरातले कोलॅजन झिजल्याने पडतात, त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो, आणि वरून फिरणारा गोल घुमट त्या हिशेबात फारसा कुठे बसत नाही. गालावर उमटणारी करडी रेघही विषद्रव्यांची नसते. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. त्यातले तांबे तेलातल्या आणि घामातल्या आम्लांना भेटले की तो रंग येतो. आजीची ‘उष्णता’ही याच रसायनात मोडते, हे मान्य केलेच पाहिजे. फरक एवढाच की आजी त्या उष्णतेचे पैसे घेत नव्हती.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी मूळ ग्रंथ उघडले तर काय दिसते? सुमारे सातव्या शतकातल्या वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करायला सांगितले आहे. म्हातारपण, थकवा आणि वात यांवर तो उतारा आहे, असेही म्हटले आहे. पण विशेष लक्ष कुठे द्यायचे, तर डोक्याला, कानांना आणि पायांना. आरशात आपण जे पाहतो तो चेहरा या यादीत नाही. जे सहसा पाहत नाही ते तळपाय आहेत. म्हणजे वाग्भटाला चेहऱ्याचे वावडे होते असे नाही. त्याच ग्रंथात पुढे मुखलेपांचे प्रकार येतात आणि त्यांतला एक प्रकार वर्ण उजळण्यासाठीच आहे. तो लपवलेला नाही, त्याला आरोग्याचे सोंगही दिलेले नाही. दोष घालवणारा लेप वेगळा, विष उतरवणारा वेगळा, वर्णाचा वेगळा. वात्स्यायन तर याहून मोकळा. ‘कामसूत्रा’तल्या नागरकाच्या, म्हणजे शहरातल्या रसिक पुरुषाच्या, दिनक्रमात रोज स्नान, एक दिवसाआड अंग रगडून घेणे, दर तिसऱ्या दिवशी फेस येणारे द्रव्य लावणे असा बारीक तपशील आहे. हे सारे कामपुरुषार्थाच्या आवारात आहे आणि तिथे ते निःशंकपणे उभे आहे. नागरकाला मोक्ष मिळेल असे वात्स्यायन कुठेही सुचवत नाही. जुन्या शास्त्रकारांनी आरोग्य, भोग आणि साधना यांच्या वह्या वेगळ्या ठेवल्या होत्या. एका वहीतली जमा दुसरीत दाखवायची नाही, एवढा व्यवहार ते पाळत. कांसा वँडच्या पत्रकाने तिन्ही वह्या एकत्र बांधल्या आहेत, आणि माझा आक्षेप आहे तो या बांधणीवर.

संन्यासमार्गाचे धोरण अर्थातच निराळे. दिगंबर जैन मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत स्नान न करणे आणि दात न घासणे यांचा समावेश आहे. बौद्ध परंपरेत नव्या श्रामणेराला दीक्षेच्या वेळी केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींवर ध्यान करायला देतात. या व्रतांचा आधार घेऊन गृहस्थाच्या प्रसाधनावर कोरडे ओढणारे प्रवचनकार भेटतात, पण ते चुकतात. ज्याने घर सोडले त्याचे नियम घरात राहणाऱ्यावर लादणे हाही वह्यांचा घोटाळाच, फक्त उलट्या दिशेचा. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’मध्ये सॉक्रेटिस प्रसाधनाला व्यायामाची खोटी नक्कल म्हणतो, कारण व्यायामाने येणारी कांती ते उसनी आणते. त्याचा मुद्दा जमेस धरला तरी तो प्रसाधनाच्या लबाडीबद्दल आहे, सुखाबद्दल नव्हे. शिवाय मसाज हे रंग फासण्यापेक्षा प्रामाणिक काम आहे. तिथे निदान हात खरोखर त्वचेला लागतो.

यावर पहिला प्रतिवाद येतो तो कालिदासाच्या नावाने. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, हे ‘कुमारसंभवा’तले वचन व्यायामशाळेच्या भिंतीपासून सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे लावले जाते. पण ते कोण, कोणाला आणि केव्हा म्हणतो? पाचव्या सर्गाच्या आरंभी मदन डोळ्यांदेखत जळून गेला आहे, आणि ज्या रूपाने शंकर जिंकला गेला नाही त्या रूपालाच पार्वती मनातून दोष देते आहे. ती वल्कले नेसते, केसांच्या जटा होऊ देते, गळून पडलेली पानेही खायचे सोडते. ‘अपर्णा’ हे नाव तिथलेच. अशा, स्वतःला झिजवत चाललेल्या मुलीला बटूच्या वेषात आलेला शिव ते वाक्य ऐकवतो, आणि तेही तिची परीक्षा पाहताना. उपाशी माणसाला ‘जेव’ म्हणणे आणि जेवून उठलेल्याला तोच आग्रह करणे, यांत जे अंतर आहे ते या वाक्याच्या मूळ जागेत आणि आजच्या वापरात आहे. पण कालिदासाला प्रसाधनाचा शत्रू ठरवायचीही घाई नको. सातव्या सर्गात लग्नाच्या दिवशी याच पार्वतीला तेल लावतात, लोध्राच्या चूर्णाने ते काढतात, सजवतात, आणि ती आरशात स्वतःला निरखून पाहते. कवीला त्यात काहीही खटकत नाही. रूपावरचा विश्वास उडाल्यावर तिने तप केले, आणि तप फळल्यावर रूपाचा उत्सव केला. तपाच्या जागी उटणे तिने कधी ठेवले नाही.

दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार आहे. कुठलीही क्रिया सावकाश, एकाग्र चित्ताने केली तर ती ध्यान का होऊ नये? झाडलोट करताना, दळताना नामस्मरण करणाऱ्या संतस्त्रियांच्या महाराष्ट्रात हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. वँड हळूहळू जबड्यापासून कानाकडे नेताना श्वास संथ होतो, दिवसभराची वटवट थांबते. याला ध्यान म्हटले तर बिघडले कुठे? थोडे बिघडते. एकाग्रता तर नेम धरणाऱ्या शिकाऱ्याचीही असते. तिला साधना करते ती तिची दिशा. जनाबाईच्या दळणात लक्ष विठ्ठलाकडे होते, पीठ किती बारीक पडले याकडे नव्हे. श्रामणेराला दिलेल्या ध्यानातही त्वचाच समोर असते, पण ती सुंदर व्हावी वा होऊ नये यांपैकी कशाचीच अपेक्षा न धरता. वँड हातात घेतलेल्या बाईला आरशात काय दिसावे अशी पत्रकाची इच्छा आहे? डोळ्याखालची सूज, ओठांजवळची रेघ, ढिला पडलेला जबडा. म्हणजे लक्ष एकाग्र होते ते स्वतःतल्या उणिवांवर, रोज, ठरल्या वेळी. याला कसले ध्यान म्हणायचे? ज्या दिवशी ती आरसा बाजूला ठेवील, डोळे मिटून फक्त थंड धातूचा स्पर्श अनुभवेल, त्या दिवशी पत्रकाचा दावा खरा ठरण्याची शक्यता निर्माण होते. मात्र मग चेहराच कशाला? तळपायही चालतील, आणि स्वयंपाकघरातली वाटीही.

इथे ययातीला साक्षीला बोलावण्याचा मोह कोणालाही होईल. खांडेकरांनी मराठी वाचकाच्या मनात त्याला कायमचा बसवून ठेवला आहे. पण तो अन्याय होईल. ययातीने पोटच्या पोराचे तारुण्य घेतले. वँडवाली कोणाचे काही घेत नाही. खर्चाचा आक्षेपही मला पोकळ वाटतो. पैठणीला, घड्याळाला, गाडीच्या चाकांना जो हिशेब आपण विचारत नाही, तो चेहऱ्याच्या दांडीलाच का विचारायचा?

हाच धागा धरून तिसरा प्रतिवाद येतो, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. प्रसाधनावरची प्रवचने बहुधा पुरुष करतात आणि ऐकायला बायका बसवतात. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे यांतून रात्री अकराला जी दहा मिनिटे उरतात, त्यांचा जाब धर्माने किंवा तत्त्वज्ञानाने मागावा? मुळीच मागू नये. पण बघा, या दहा मिनिटांचा जाब पत्रक आधीच देऊन बसले आहे. ही चैन नव्हे, आरोग्य आहे. हा भोग नव्हे, विधी आहे, असे ते घाईघाईने सांगते, कारण बाईने केवळ बरे वाटते म्हणून काही करावे हे आपल्या समाजाला अजून पचत नाही. तिला निमित्त लागते, आणि ते निमित्त डब्यात घालून विकले जाते. म्हणजे साधनेची भाषा तिला मोकळे करत नाही. तिच्या सुखाला परवानगी काढायला लावते. ‘मला आवडते म्हणून’ एवढे कारण पुरेसे मानणारा वात्स्यायन या बाबतीत पत्रकापेक्षा तिचा अधिक सन्मान करतो, निदान तो नागरकाइतकीच मुभा तिला देत असेल तर.

भोगाला धर्माच्या चौकटीत मानाची जागा देण्याची रीत आपल्याकडे आहेच, आणि ती पंढरपुरात दिसते. आषाढीच्या गर्दीत देवाचा पलंग काढून ठेवतात. विठ्ठल रात्रंदिवस दर्शनाला उभा, पाठीशी कापसाचा मऊ लोड. यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा होते: शिणलेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात. अंग रगडण्यातले सुख इथे कोणी लपवत नाही. ते सुख आहे म्हणूनच देवाला द्यायचे. पण चोळणारा हात दुसऱ्याचा आहे आणि चोळायचे ते पाय आहेत. नरक चतुर्दशीच्या पहाटेही तेल लावणारा हात आईचा किंवा बायकोचा असतो. या दोन्हींना विधी म्हणताना कोणी अडखळत नाही, कारण तिथे एकजण दुसऱ्याचा शीण काढतो आहे. वँड हे एकट्याचे उपकरण आहे. मूठ आपलीच, गालही आपलाच. एकटे राहणाऱ्याला, घरात दुसरा हात नसलेल्याला ते बरेच आहे, आणि त्यावर नाक मुरडणे क्रूरपणाचे होईल. तरी त्या दुसऱ्या हाताची उणीव भरून काढणे कुठल्याही धातूच्या आवाक्यात नाही, हे पत्रक सांगत नाही.

समजा, उद्या एखाद्या विक्रेत्याने डब्यावर इतकेच छापले: ‘काही तास सूज उतरते, जबडा सैल होतो, दहा मिनिटे बरे वाटते.’ कासारआळीतल्या साध्या वाटीवर दोन-तीनशे रुपयांची मूठ चढवून ही वस्तू तरीही खपेल, आणि खपावी. हजारांतली वरची रक्कम मात्र मग कशापोटी मागायची, याचे उत्तर त्याला शोधावे लागेल.