पावती पुण्यात, उपयोग सुलतानपुरात

जानेवारी 2025 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 'इक्रिअर' या संशोधन संस्थेकडून करून घेतलेला एक अहवाल प्रसिद्ध झाला. 2022-23 या वर्षी देशाच्या उत्पन्नात डिजिटल अर्थव्यवस्थेचा वाटा 11.74 टक्के, म्हणजे सुमारे 31.64 लाख कोटी रुपये होता, असा त्याचा हिशेब आहे. त्यात दूरसंचार, सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे उत्पादन या गाभ्याच्या उद्योगांचा वाटा 7.83 टक्के. या सगळ्यात गुंतलेली माणसे मात्र सुमारे 1 कोटी 47 लाख, म्हणजे देशातल्या कामकरी हातांपैकी जेमतेम अडीच टक्के. शंभरातली अडीच माणसे शंभरातले पावणेबारा रुपये कमावतात, यावरून हे क्षेत्र इतरांच्या जवळपास पाचपट उत्पादक आहे असा निष्कर्ष निघतो. बेरीज-भागाकारात चूक नाही. प्रश्न आहे तो कोणाला मोजले याचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले सुलतानपूर हे गाव या 11.74 मध्ये कुठे बसते, हे शोधायला निघालो की क्षेत्राचा वाटा आणि क्षेत्राचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळू लागते.

समजा, सुलतानपूरसारख्या गावात रस्त्याकडेला एक टपरीवजा दुकान आहे. एका बाजूला झेरॉक्सचे यंत्र, मध्ये काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरे आणि चार्जर, कोपऱ्यात भिंग आणि सोल्डरिंगची कांडी. दुकानदार एकच, गल्लाही एकच. पण राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या पुस्तकात या एका गल्ल्याच्या तीन वाटण्या होतात. मोबाइल दुरुस्ती विभाग 95 मध्ये जाते, कव्हर आणि चार्जरची विक्री किरकोळ व्यापाराच्या विभाग 47 मध्ये, तर झेरॉक्स आणि अर्ज भरून देणे हे कार्यालयीन सहाय्याच्या विभाग 82 मध्ये. माहिती-संचार क्षेत्राची आंतरराष्ट्रीय व्याख्या 'ओईसीडी' या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने 1998 मध्ये ठरवली आणि पुढे सुधारली. तिच्यानुसार यातली फक्त दुरुस्ती या क्षेत्रात धरायची. प्रत्यक्षात दुकानाला एकच संकेतांक मिळतो, ज्या कामातून जास्त मिळकत त्या कामाचा. म्हणजे पीक विम्याचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज दिवसभर ऑनलाइन भरणारा माणूस हिशेबात झेरॉक्सवालाच राहतो. शेजारी एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचा वर्ग असेल तर त्याची फी शिक्षणाच्या रकान्यात. यातले कुठलेच वर्गीकरण चुकीचे नाही. पण ज्या कामामुळे तंत्रज्ञान गावात पोहोचते, नेमके तेच काम तंत्रज्ञानाच्या नावावर लागत नाही.

वर्गीकरणापेक्षा मोठी अडचण किमतीची आहे. राष्ट्रीय उत्पन्न मुळात पैशाच्या देवघेवीवर मोजतात. जिथे पैसा मोजला जात नाही तिथे मोजमाप आंधळे होते. 2024-25 मध्ये यूपीआयवर 18,587 कोटी व्यवहार झाले आणि त्यांची रक्कम 261 लाख कोटी रुपयांच्या घरात होती. जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून या व्यवहाराचे शुल्क घेतले जात नाही. चहावाल्याला वीस रुपये पाठवले तर उत्पन्नात चहा मोजला जातो. पैसे पोहोचवण्याच्या सेवेला किंमतच नाही, तिचा खर्च बँकांच्या खात्यात विरून जातो. इंटरनेटचेही तसेच. 2014 मध्ये एक जीबी डेटाला सुमारे 269 रुपये पडत. दहा वर्षांत तो दर दहा रुपयांच्या आत आला. 2016 च्या दरयुद्धानंतर दूरसंचार कंपन्यांचा महसूल घसरला, तेव्हा डेटाचा वापर मात्र कितीतरी पटींनी वाढत होता. किमतीचा निर्देशांक नीट लावला नाही, तर याच काळात हे क्षेत्र आक्रसले असे आकडे सांगतील. संगणक सगळीकडे दिसतो, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो 1987 मध्ये म्हणाले होते. फुकट सेवांच्या काळात ते कोडे अधिकच गुंतागुंतीचे झाले आहे.

तिसरी गोष्ट ठिकाणाची. जिल्ह्याचे उत्पन्न काढताना ते जिथे निर्माण झाले त्या ठिकाणाच्या नावावर धरतात. बुलढाणा जिल्ह्यातला मुलगा हिंजवडीत प्रोग्रॅम लिहितो. त्याच्या कामाचे मूल्य पुण्याच्या खात्यात जमा होते, घरी पाठवलेला पैसा बुलढाण्याच्या उत्पन्नात येत नाही. मोबाइल कंपनीचा टॉवर विदर्भात उभा असला तरी तिचे हिशेब राहतात मुख्यालयात. पावती जिथे फाटते, तिथे क्षेत्र दिसते. म्हणून मुंबई-पुणे डिजिटल आणि दरडोई उत्पन्नात तळाच्या जिल्ह्यांत असलेला बुलढाणा मागास, हे चित्र अर्धे वास्तवाचे आणि अर्धे हिशेबाच्या पद्धतीचे असते.

मात्र पावतीऐवजी उपयोग मोजा म्हटले की सगळा फायदाच पदरात पडेल, असा समज करून घेऊ नये. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी गावोगावच्या पेऱ्याची नोंद तलाठी करत असे. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून, ॲप उघडून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. यामुळे नोंद थेट झाली, हे खरे. पण धुऱ्यावर नेटवर्क नसेल, सर्व्हर अडला असेल, मुदत संपत आली असेल, तर दोन खेपा होतात, मजुरी बुडते, नाहीतर कोणाला तरी, समजा, पन्नास रुपये देऊन काम करून घ्यावे लागते. सरकारी यंत्रणेचे श्रम वाचले ते शेतकऱ्याच्या विनामोल श्रमात गेले, आणि विनामोल श्रमाला उत्पन्नाच्या हिशेबात जागा नाही. उलट, ते पन्नास रुपये मोजले गेले तर उत्पन्न वाढल्याचेच दिसेल. तेव्हा वापराच्या बाजूने मोजायचे असेल, तर जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहाव्या लागतील.

यावर अर्थशास्त्री एक रास्त आक्षेप घेतील. इंटरनेटमुळे सोयाबीनला चांगला भाव मिळाला, तर ते उत्पन्न शेतीत मोजलेच आहे. तेच तंत्रज्ञानाच्याही नावावर धरले तर दुहेरी मोजणी होईल. आक्षेप मान्य. म्हणूनच 11.74 चे 20 करा, अशी ही मागणी नाही. मूळ हिशेब तसाच ठेवून शेजारी वेगळी वही घालता येते. पर्यटनासाठी अशी उपग्रह खाती अनेक देशांत आहेत, आणि अमेरिकेच्या सांख्यिकी यंत्रणेने 2018 मध्ये डिजिटल अर्थव्यवस्थेसाठीही तसा प्रयत्न केला. दुसरा आक्षेप असा की वाचलेला वेळ, टळलेली खेप यांची किंमत ठरवणे व्यक्तिसापेक्ष आहे. तेही खरे. मग किंमत ठरवू नका, खेपाच मोजा. तिसरा आक्षेप खर्चाचा. पण सर्वेक्षणे आजही चालू आहेत. 2017-18 मध्ये देशातल्या 23.8 टक्के घरांत इंटरनेट होते. 2025 च्या सुरुवातीच्या पाहणीत, व्याख्या थोडी बदलून का होईना, हा आकडा 86.3 टक्क्यांवर गेला. असंघटित उद्योगांच्या 2023-24 च्या पाहणीत मात्र धंद्यासाठी इंटरनेट वापरणारे उद्योग 26.7 टक्केच निघाले. घराघरात पोहोचलेली वस्तू गल्ल्यापर्यंत का पोहोचली नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तो वापर मोजल्यामुळेच विचारता आला. तालुका पातळीवर दिसेल इतके नमुने वाढवणे आणि चार प्रश्न जोडणे, एवढेच काम उरते.

प्रत्यक्ष सोयी मोजण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. 1983 मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने 1984 मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. समितीने लोकांच्या समाधानाला रुपयांत तोलले नाही. रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शाळा, दवाखाने यांची राज्याची सरासरी काढली, कोणता जिल्हा तिच्यापेक्षा किती खाली आहे ते पाहिले, आणि ती दरी भरून काढायला किती पैसा लागेल ते मांडले. आकडा निघाला सुमारे 3,187 कोटी रुपये. त्यावर वाद झाले, वाटपात कुचराईही झाली. पण या दरीसाठीचा 'अनुशेष' हा शब्द विधिमंडळापासून पारापर्यंत पोहोचला, कारण त्यामागे मोजमाप होते. आज सुलतानपूरचा डिजिटल अनुशेष किती, हे सांगणारा एकही तक्ता नाही. दाखल्यासाठी किती खेपा, नोंदणीला किती वेळा सर्व्हर बंद, किती वावरांत नेटवर्क नाही, किती दुकानांचा हिशेब मोबाइलवर, एवढे चार रकाने राज्याच्या आर्थिक पाहणीत तालुकावार छापायला कुठल्याही नव्या सिद्धांताची गरज नाही. अर्थसंकल्पाचा पैसा छापलेल्या रकान्यांकडे जातो. सुलतानपूरचा रकाना अजून आखायचा आहे.