पूर्वज्ञान, पूर्वनियोजन आणि वर

परमेश्वराला भविष्य पूर्णपणे ज्ञात असेल, तर माणसाच्या कृतीला नैतिक मूल्य कोठून येते, हा प्रश्न ख्रिस्ती ईश्वरविद्येत ऑगस्टीनपासून पुनःपुन्हा उभा राहिला आहे. मराठीत त्याची चर्चा झालीच, तर ‘हे आपल्याकडील प्रारब्धासारखेच’ असे म्हणून ती बहुधा आटोपती घेतली जाते. हे समीकरण सोयीचे असले तरी टिकणारे नाही. प्रारब्धाचा कर्ता, कितीही जन्म मागे गेले तरी, भोगणारा जीवच असतो. पूर्वनियोजनाचा कर्ता मात्र भोगणाऱ्याहून वेगळा असतो. प्रारब्धाविषयी माणसाची तक्रार ‘मला आठवत नाही’ अशी असू शकते. पूर्वनियोजनाविषयीची तक्रार ‘हे मी केलेलेच नाही’ अशी असते. दोहोंत दुःख तेच असले, तरी जाब विचारावयाचा तो वेगवेगळ्या ठिकाणी.

शब्दांनीही येथे थोडी फसगत केली आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, जेथून हा सारा वाद निघाला, तेथे मराठी बायबलने ‘पूर्वज्ञान’ या शब्दाशेजारी ‘नेमणे’ हे क्रियापद योजिले आहे. मूळ ग्रीक क्रियापदात हद्द आखून देण्याची कल्पना आहे. हद्द आखली जाते तेव्हा जमिनीचे मत कोणी घेत नाही. मराठी ‘नेमणे’ला मात्र व्रताचा नेम, शिकाऱ्याचा नेम आणि कचेरीतील नेमणूक असे तिहेरी शेजार लाभले आहेत, आणि नेमणूक झालेला माणूस ती नाकारू शकतो. सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री निजलेल्या अर्भकाच्या कपाळी लिहून जाते, ती प्रतिमा कॅल्व्हिनच्या कितीतरी अधिक जवळची होती. भाषांतरकारांनी ती घेतली नाही, याचे कारण काहीही असो, मराठी वाचकाच्या हाती पडलेला सिद्धान्त मुळापेक्षा सौम्य झाला.

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न पाहिला म्हणजे तो विशेष स्पष्ट होतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा ईश्वरविद्येच्या इतिहासात कोणी शोधणार नाही. परंतु वाशीम गावी चर्च ऑफ द नाझरीन या पंथाच्या मिशनने १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले, आणि हा पंथ जॉन वेस्लीच्या परंपरेतला, म्हणजे पूर्वनियोजनाचा कॅल्व्हिनप्रणीत सिद्धान्त स्पष्टपणे नाकारणारा आहे. त्याच जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे एकीकडे भट्टारकपीठांचे आणि हस्तलिखित भांडारांचे जैन केंद्र, तर दुसरीकडे ‘गुरुचरित्रा’तील नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. तिन्ही परंपरा भविष्याच्या ज्ञानाविषयी काही निश्चित सांगतात, आणि तिन्हींचे सांगणे भिन्न आहे. त्यांचा परस्परांवर प्रभाव पडला असा दावा येथे अभिप्रेत नाही. त्यांची तुलना केल्याने ख्रिस्ती पेच नेमका कोठे आहे एवढे मात्र दिसते.

वेस्लीने १७७३ मधील आपल्या प्रवचनात घेतलेली भूमिका थोडक्यात अशी : ईश्वर जाणतो म्हणून माणूस पाप करतो असे नव्हे, तर माणूस करतो म्हणून ईश्वर जाणतो. शिवाय ‘पूर्व’ हा शब्दच माणसाच्या सोयीचा आहे. ईश्वरापुढे सारा काळ एकदम उपस्थित असतो. यातील दुसरा विचार सहाव्या शतकात, मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या बोएथियसने तुरुंगात मांडला होता. पहिल्याचे बीज ऑगस्टीनच्या इच्छास्वातंत्र्यावरील संवादात आहे : आपल्या स्मरणाने भूतकाळावर सक्ती होत नाही, तशीच पूर्वज्ञानाने भविष्यावर होत नाही. युक्तिवाद म्हणून हा निर्दोष वाटतो. तो खरोखरच निर्दोष आहे काय, हे तपासावयाचे तर जेथे ज्ञान आहे पण निर्माता नाही, असे उदाहरण हवे.

जैन दर्शनाने ते अगदी शुद्ध स्वरूपात पुरविले आहे. केवलज्ञानात सर्व द्रव्यांचे भूत, वर्तमान व भविष्य पर्याय एकाच वेळी प्रतिबिंबित होतात. पण केवली विश्व घडवीत नाही, कोणाला निवडीत नाही, कोणाला टाकीत नाही. तरीही येथे वाद झालाच. विसाव्या शतकात सोनगढच्या कानजी स्वामींनी (१८९०–१९८०) ‘क्रमबद्धपर्याय’ या विचाराचा आग्रहाने पुरस्कार केला : सर्वज्ञाने जे ज्या क्रमाने जाणले ते त्याच क्रमाने होणार. मग पुरुषार्थाचे काय, असा आक्षेप आला. पुरुषार्थही त्या क्रमातच आहे, असे उत्तर मिळाले. उत्तर तर्काला धरून आहे. त्याने समाधान किती होते, हा भाग वेगळा. या संदर्भात ‘उपासकदशा’ या आगमातील सद्दालपुत्र कुंभाराचा प्रसंग अधिक बोलका आहे. आजीविकांचा नियतिवाद मानणाऱ्या या कुंभाराला महावीर विचारतात, की तुझी मडकी कोणी फोडली किंवा तुझ्या पत्नीवर कोणी हात टाकला, तर तू काय करशील? शासन करीन, असे तो म्हणतो; आणि तेथेच त्याचा नियतिवाद कोसळतो. दोष देण्याची आपली रीत स्वातंत्र्य गृहीत धरते, हे त्या प्रश्नाने उघड केले आहे. लक्षणीय गोष्ट अशी, की सर्वज्ञ मानले गेलेले महावीरच नियतीविरुद्ध बोलत आहेत. जाणणे आणि ठरविणे या दोन क्रिया वेगळ्या राहू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तेव्हा वेस्लीचे म्हणणे ज्ञानापुरते मान्य करावे लागते. पण ख्रिस्ती पेच ज्ञानात नाहीच. तो निर्मितीत आहे. जाणणारा आणि घडविणारा एकच असतो तेव्हा प्रश्न पालटतो. यहूदा इस्कर्योताविषयी मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी असा आशय आहे, की तो मनुष्य जन्मला नसता तर त्याच्या दृष्टीने बरे झाले असते. मग तो जन्मला का? ‘यहूदाने स्वेच्छेने विश्वासघात केला, ईश्वराने तो केवळ पाहिला’ हे वेस्लीपरंपरेचे उत्तर यहूदाचा दोष सिद्ध करते. त्याला जन्मास घालण्याचे समर्थन ते करीत नाही. केवलीला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण त्याने कोणाला जन्मास घातलेलेच नाही.

कॅल्व्हिनने ही बाजू टाळली नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ईश्वर भविष्य जाणतो ते त्याने ठरविले आहे म्हणून, असे तो सरळ म्हणतो, आणि हा निर्णय भयंकर आहे हेही मान्य करतो. त्याच्या लेखी ईश्वराचे पूर्वज्ञान हे संकल्पाचे ज्ञान आहे, प्रेक्षकाचे नव्हे.

याच जातीचे ज्ञान ‘गुरुचरित्रा’त आढळते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. मंदबुद्धी पुत्रासह कृष्णेत देह टाकावयास निघालेल्या कुरवपूरच्या विधवेला श्रीपाद श्रीवल्लभ पुढील जन्मी आपल्यासारखा पुत्र होईल असा वर देतात. तीच कारंजात अंबा म्हणून जन्मते आणि नृसिंह सरस्वतींची माता होते. येथे भविष्य सांगितले जाते, पण ते दुरून पाहून नव्हे. वर देणारा स्वतःच त्या उदरी येणार आहे. आपण काय करणार हे त्याला ठाऊक आहे, एवढेच त्याचे भविष्यज्ञान. रचना कॅल्व्हिनचीच : संकल्पातून ज्ञान. फरक असा, की वराला जोडशाप नसतो. अंबिकेला पुत्र मिळाला म्हणून दुसऱ्या कोणा स्त्रीची कूस उजवावयाची राहिली, असे कथेत कोठेही नाही. कॅल्व्हिनच्या निवडीत मात्र न निवडलेल्यांचा हिशेब त्याच निर्णयात मांडलेला असतो. निवडीचा सिद्धान्त अन्यायकारक ठरतो तो निवडीमुळे नव्हे, या दुसऱ्या स्तंभामुळे.

अमेरिकेतील काही ईश्वरविद्यावंतांनी १९९४ मध्ये ‘द ओपननेस ऑफ गॉड’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून पूर्वज्ञानाचाच संकोच केला : स्वतंत्र कृती अद्याप घडलेल्याच नाहीत, म्हणून त्या जाणण्यासारखे काही नाही. त्याने निर्मात्याचा दोष हलका होतो, पण केवळ अजाणतेपणाच्या सबबीवर. आणि धोका पत्करला तो आपल्या जिवावर की यहूदाच्या, हे विचारावयाचे राहतेच.

शुभवर्तमानांचा मजकूर सिद्धान्तापेक्षा येथे अधिक अडचणीचा, म्हणून अधिक वाचनीय आहे. त्या रात्री भाकिते दोन झाली : पेत्राच्या नाकारण्याचे आणि यहूदाच्या घाताचे. पूर्वज्ञान दोघांविषयी सारखेच. पण लूकच्या वृत्तांतात पेत्राला भाकिताआधी आणखी काही मिळते : त्याचा विश्वास ढळू नये म्हणून केलेली प्रार्थना, आणि तो परत फिरेल हे गृहीत धरून सोपविलेले काम. कारंजाच्या अर्थाने हा वर आहे. यहूदाला असे काही दिल्याचे कोठे लिहिलेले नाही. कृपा सर्वांना समान उपलब्ध असते, असे मानणाऱ्या वेस्लीपरंपरेला आधार शोधावयाचा तर योहानाच्या तेराव्या अध्यायात शोधावा लागेल. तेथे येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा यहूदाही त्यांच्यात असतो, आणि पुढे बुडविलेला घास त्यालाच दिला जातो. कोण घात करणार, असे विचारणाऱ्या शिष्यासाठी तो घास खूण आहे. ज्याच्या हाती तो पडला त्याच्यासाठी तो काय होता, हे शुभवर्तमानकार सांगत नाही.