न वाजवलेला रुपया

रुपया वाजवून घ्यायचा, ही सराफकट्ट्यावरची जुनी रीत. चांदी चोख असली की खणखणीत बोलणार, हिणकस असली की बद्द. प्रूफ नाण्याला ही परीक्षा सोसत नाही. वाजवलं की त्याचं मोल तिथंच उतरलं.

प्रूफ हा नाण्याचा दर्जा नव्हे, ती घडवण्याची रीत आहे. नवखा संग्राहक फसतो तो इथंच. ठसा घासूनपुसून आरसा केलेला, कोरी चकतीही चकचकीत, आणि ठोका निदान दोनदा. म्हणून मोकळ्या जागेत आपलं तोंड दिसतं आणि कडा काटेकोर उतरते. 1969 च्या गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं घ्या: 15 ग्रॅम वजन, 80 टक्के चांदी. मुंबई टाकसाळीच्या साध्या नाण्यावर चौकटीची खूण असते, प्रूफवर ‘बी’ अक्षर. पुढं शहराचं नाव बदललं आणि ‘बी’चा ‘एम’ झाला. इथवर सोपं आहे.

अवघड आहे ते ब्रिटिश अमदानीतलं प्रूफ. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी जुने ठसे जपून ठेवले होते. हौशी माणसानं मागणी नोंदवली की ते बाहेर निघत, आणि 1835 साल मिरवणारा चौथ्या विल्यमचा रुपया शतक उलटल्यावरही पाडून मिळे. 1970 च्या सुमारास हे थांबलं. टाकसाळ सरकारी, चांदी खरी, ठसाही पुष्कळदा मूळचाच. लबाडी एकट्या सालाची. याला बनावट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण मूळ प्रूफचा भावही मी देणार नाही.

मग भिंग लावायचं. पडून राहिलेल्या ठशाला गंज चढला की त्याला बारीक खड्डे पडतात आणि नाण्यावर त्यांच्या पुटकुळ्या उठतात. गंज घालवायला ठसा पुन्हा घासला, तर राजाच्या केसांच्या बटा झिजलेल्या दिसतात, आणि तेही कधीही न वापरलेल्या नाण्यावर! रेघांचंही तसंच. वर उठलेली रेघ ठशावरच्या ओरखड्याची, म्हणजे जन्मखूण. आत गेलेली रेघ नंतरच्या माणसाची. आपल्याकडं ती बहुधा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीची असते: देवघरातल्या चांदीबरोबर रुपयालाही पितांबरी लागते. भक्तीबद्दल तक्रार नाही. पण पुसलेलं प्रूफ पुन्हा प्रूफ होत नाही, आणि त्याची किंमत शेवटी चांदीच्या वजनाकडं सरकू लागते.

बाजाराला मात्र नीतीपेक्षा वर्गवारी प्रिय. या मागाहून पाडलेल्या नाण्यांनाही, म्हणजे रिस्ट्राइकना, आता शौकीन मिळाले आहेत, आणि रिस्ट्राइक लवकरचा की उशिराचा, यावरून त्यांच्यात घासाघीस चालते.